चूक शब्दाची, गुण मुलाचे

व्यावहारिक मराठीच्या परीक्षेत पारिभाषिक संज्ञांवर टिपा लिहायला सांगण्याची आमच्याकडे जुनी प्रथा आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘शाश्वत विकास म्हणजे कधीही न थांबणारा, न संपणारा विकास.’ पुढच्याच टिपेत ‘अनुपालन’ म्हणजे ‘मागाहून केलेले पालन’ असे त्याचे उत्तर होते. आम्ही दोन्हींवर लाल रेघ ओढून पाचांपैकी एकेक गुण दिला. गुणपत्रक भरताना मात्र मनाला चुटपुट लागली. मुलाने पाठांतर केले नव्हते. शब्द वाचला होता आणि शब्दाने जे सांगितले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते. चूक शब्दाची होती, गुण मुलाचे गेले होते. ते आम्ही वाढवून दिले, पण शब्द आहेत तिथेच आहेत.

इंग्रजीतील ‘सस्टेन’ या क्रियापदाचे लॅटिन मूळ ‘खालून धरून ठेवणे’ असे आहे. त्यात श्रम आहेत; हात काढला की वस्तू पडेल ही जाणीव आहे. १९८७ च्या ब्रुंटलॅंड अहवालाने या कल्पनेला जगभर चलन मिळवून दिले, तेव्हाही आशय हाच होता : आजच्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता याव्यात. म्हणजे मर्यादेची कबुली. आपण तिला नाव दिले ‘शाश्वत’! जे काळाच्या पलीकडे आहे, ज्याला कुणी धरून ठेवावे लागत नाही, ते शाश्वत. मूळ शब्द सावध करतो, आपला शब्द आश्वस्त करतो. भाषांतर चुकले एवढेच हे नव्हे. अर्थ उलटा झाला आहे.

आणि हे कुठे, तर आमच्या या नगरीत! १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने जे महाविद्यालय इथे उभे राहिले, त्याला ज्या मिलिंद राजाचे नाव आहे, त्याला भिक्खू नागसेनाने अनित्यतेचा आणि अनात्मतेचा विचार समजावला होता. बुद्धाने उच्छेदवादाबरोबर शाश्वतवादही नाकारला. त्या नागसेनवनाच्या परिसरातून जाता-येता आम्ही मुलांना ‘शाश्वत विकासाची ध्येये’ पाठ करायला लावतो, यातली विसंगती कुणाला बोचत नाही.

आता दुसरा शब्द. ‘कम्प्लायन्स’चेही मूळ ‘पूर्ण भरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. त्या दृष्टीने कार्यालयातली जुनी ‘पूर्तता’ काही वाईट नव्हती. निजामी राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, मराठवाड्याच्या कचेऱ्यांत ‘तामील’ होती. पेशवाईच्या कागदांत ‘बरहुकूम’ होते. हुकूम कुणाचा आणि बजावणार कोण, हे त्या शब्दांना ठाऊक होते. ‘अनुपालन’ला यातले काहीच ठाऊक नाही. ‘अनुपालन करण्यात आले आहे’ असे लिहिले की कर्ता वाक्यातून निघून जातो आणि जबाबदारीही त्याच्यामागून जाते.

मराठीत ‘पाळणे’ हे एक घरगुती क्रियापद आहे. आपण नियम पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो आणि गायही पाळतो. ‘पाळणा’ त्याच घरातला. नियम पाळायचा म्हणजे तो जिवंत ठेवायचा, त्याची काळजी वाहायची. अहवालाच्या रकान्यात खूण केल्याने अनुपालन होते. पाळणे होत नाही. हा भेद करण्याची सोय आपल्या भाषेत होती, ती आपणच घालवली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की शब्द रुळला की अर्थ आपोआप बसतो. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हेही एकेकाळी हास्यास्पद वाटले होते. मान्य. पण त्या शब्दांपाशी दिशाभूल करणारा जुना अर्थ नव्हता. ‘शाश्वत’पाशी तो आहे, आणि तो रोज नव्या अर्थाचा पराभव करतो. दुसरा आक्षेप असा की मग सरळ ‘सस्टेनेबल’ म्हणा. आमची हरकत नाही. उसना शब्द निदान आपण उसने असल्याचे सांगतो. न कळल्यास मूल हात वर करून विचारते. संस्कृत वेष घेतलेला परका शब्द मात्र कळल्याचा भास निर्माण करतो, म्हणून त्याला कुणी प्रश्नच विचारत नाही.

पण उसनवारीचीही गरज नाही. पावसाने ओढ दिली की आमच्याकडचा शेतकरी म्हणतो, ‘पीक अजून तग धरून आहे.’ हंड्यातले पाणी, कणगीतले धान्य घरची बाई ‘पुरवून पुरवून’ वापरते. लॅटिनमधले ते ‘धरून ठेवणे’ आणखी कसे असते? मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नहर-ए-अंबरीने या शहराला शतकानुशतके पाणी पाजले. ती शाश्वत होती म्हणून नव्हे. नहरी उपसाव्या लागतात, साफ कराव्या लागतात, आणि तसे करणारे हात होते म्हणून. जिथे हात थांबले तिथे ती बुजली. गेली अनेक वर्षे नळाला दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या या शहराला हे समजावून सांगायला नको.

नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, ते साध्या परिवाराचे नुकसान होऊ नये म्हणून. ही मराठवाड्याची मराठी परंपरा आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. पण त्या दर्जाचा अर्थ परिपत्रकांत आणखी तत्सम शब्द ओतणे असा होणार असेल, तर पुढच्या वर्षीही कुणी मूल शब्द नीट वाचेल, आणि त्याचे गुण कापणारा लाल पेन आमच्याच हातात असेल.