संकल्पाला सोबत हवी
शहाद्यालगतचे लोणखेडे असो वा पुणे, जानेवारीत पहाटे फिरायला निघणारी पावले फेब्रुवारीत विरळ होतात. संकल्पात खोट नसते. त्याला घरात सोबत नसते.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे त्यांनी सूर्यनमस्कार धरले आणि अखेरपर्यंत त्यांचा पुरस्कार केला. त्यास साधने लागत नव्हती, जागाही फारशी नाही. मुख्य म्हणजे ते एकटे नव्हते. राणीसाहेब नमस्कार घालीत, मुले घालीत. संस्थानातील शाळांत तर ते सक्तीचेच झाले. आज सक्ती कोण मानणार, हा प्रश्न वेगळा! पण पाच किलो वजन घटविण्याचा आकडा दिनदर्शिकेवर लिहिण्यापेक्षा रोज बारा नमस्कारांची वेळ ठरवून मुलांना शेजारी उभे करावे. वडिलांनी एक दिवस चुकविला, तर विचारणारे कोणी असेल.