पाठवलेले आणि पोहोचलेले

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने पलूस तालुक्याला जो वेढा दिला, तो नदीकाठच्या कोणत्याही कुटुंबाला अद्याप विसरता आलेला नाही. भिलवडी, आमणापूर, औदुंबर, ब्रह्मनाळ या गावांचे रस्ते पाण्याखाली गेले. वीज गेली आणि विजेपाठोपाठ मोबाईलचे मनोरेही मुके झाले. 8 ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि अनेक घरांचे दिवे विझले. पुढे 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा गावात शिरले. अशा वेळी अन्न, औषध, नाव आणि मनुष्यबळ जवळच्याच गावात सज्ज असते. परंतु ते कोठे हवे आहे, हे सांगणारा शब्द मात्र तेथवर पोहोचत नाही.

हा शब्द पोहोचवण्याचे एक जुने आणि विश्वासू साधन म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आणि 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपानंतर परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाची सेवा बजावली होती. मात्र हातातील वॉकीटॉकीची झेप तोकडी असते. ती वाढवण्यासाठी उंचावर ठेवावयाचे यंत्र म्हणजे रिपीटर. तो दुर्बळ संदेश ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर जोरकसपणे पुन्हा प्रसारित करतो. पिशवीत मावणारा फिरता रिपीटर कसा उभारावा, याचा सराव पुराच्या रात्री करता येत नाही. तो हिवाळ्यातील दोन दिवसांच्या तंबूशिबिरातच करावा लागतो. त्या सरावात सर्वाधिक चुका होतात त्या यंत्राच्या निवडीत नव्हे, तर अँटेना आणि केबल यांच्या निवडीत.

व्यापारी घराला ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. गोदामातून शंभर पोती निघाली आणि पेढीवर पन्नासच उतरली, तर दोष मालाचा नसतो, वाटेतील घटीचा असतो. रेडिओ आणि अँटेना यांना जोडणारी केबल ही तशीच वाट आहे. रेडिओने दहा वॉट शक्ती पाठवली म्हणजे अँटेनातून दहा वॉट बाहेर पडले, असे होत नाही. केबल जितकी लांब, जितकी बारीक आणि वारंवारिता जितकी उच्च, तितकी घट अधिक.

प्रत्यक्ष आकडे पाहावेत. आरजी-58 ही सुमारे पाच मिलिमीटर जाडीची, स्वस्त आणि सहज गुंडाळता येणारी केबल आहे. तिची लांबी पंधरा मीटर घेतली, तर 145 मेगाहर्ट्झवर दहा वॉटपैकी जेमतेम पाच वॉट अँटेनापर्यंत जातात. 435 मेगाहर्ट्झवर तर सुमारे तीनच उरतात. आरजी-213 ही दहा मिलिमीटर जाडीची केबल तेवढ्याच लांबीत 145 मेगाहर्ट्झवर सात वॉटांहून थोडे अधिक पोहोचवते. पण तिच्या पंधरा मीटरचे वजन दोन किलोंहून जास्त भरते. एलएमआर-240 ही मधल्या जाडीची केबल. वजन पाऊण किलोच्या आसपास आणि 145 मेगाहर्ट्झवर पोहोच सुमारे सात वॉटांची. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्यासाठी हा सौदा बहुधा किफायतशीर ठरतो.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावा लागतो. पाठवणीतील घट अधिक शक्तीचा रेडिओ वापरून भरून काढता येते, आवकेतील घट मात्र भरून येत नाही. पुराच्या पाण्यातील नावेतून वॉकीटॉकीवर आलेली क्षीण हाक अँटेनाने टिपली, पण केबलमध्ये ती निम्मी विरली, तर रिपीटरच्या कानी पडतो तो केवळ खरखराट. खाली पोहोचल्यावर ती कितीही मोठी केली, तरी तिच्यासोबत खरखरही मोठी होते. म्हणून मोठ्या शक्तीच्या रेडिओवर होणारा खर्च कमी करून तो चांगल्या केबलकडे वळवणे शहाणपणाचे. अन्यथा रिपीटर दूरवर बोलतो, पण ऐकत नाही.

तथापि केबलीच्या जाडीपूर्वी जागेचा विचार व्हावयास हवा. बहुतेकांची गल्लत होते ती येथेच. रेडिओलहरींचे क्षितिज काढण्याचा एक सोपा हिशेब आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास 4.12 ने गुणावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सपाट शिवारात अँटेना चार मीटरवर असेल तर हे अंतर आठ किलोमीटर येते. नऊ मीटरवर नेली तर बारा. पाच मीटरच्या वाढीने निम्म्याने लाभ झाला. कुंडलच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनास गेलेल्या वाचकांना तेथील उंचीची कल्पना आहेच. तशा एखाद्या डोंगरावर भोवतालच्या शिवारापेक्षा शंभर मीटर उंची मिळाली असे धरले, तर क्षितिज एकेचाळीस किलोमीटरवर जाते. तेथे आणखी पाच मीटरचा खांब उभारला, तर लाभ होतो केवळ एका किलोमीटरचा.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. डोंगरावर उंच खांब आणि लांब केबल यांचा हव्यास धरू नये. रिपीटरजवळ माणसाने बसून राहण्याची गरज नसते. तंबू खाली आडोशाला असू द्यावा. रिपीटर आणि त्याची बॅटरी मात्र खांबाच्या पायथ्याशी जलरोधक डब्यात ठेवावी. मग केबल पाच मीटर पुरते. इतक्या कमी लांबीत 145 मेगाहर्ट्झवर बारीक आरजी-58 सुद्धा दहापैकी आठ वॉट पोहोचवते, मधल्या जाडीची तर नऊच्या आसपास. याउलट गावातच, शाळेच्या किंवा मंदिराच्या गच्चीवर रिपीटर उभारण्याची वेळ आली, तर तेथे प्रत्येक मीटर उंची मोलाची. तेथे उंच खांब व जाड केबल यांवरील खर्च सार्थ ठरतो आणि ओझ्याचा प्रश्नही उरत नाही. ऑगस्टमधील नदीकाठी पुरुषभर उंचीचा ओला ऊस उभा असतो. ओला हिरवा पाला रेडिओलहरी शोषतो आणि 435 मेगाहर्ट्झवर हे शोषण अधिक असते. म्हणून अँटेना निदान उसाच्या शेंड्यांच्या बरीच वर असावी.

अँटेनाच्या निवडीतही मोठा आकडा पाहून भुलू नये. लांब, अधिक लाभाच्या अँटेना कोणतीही नवी शक्ती निर्माण करीत नाहीत. वर आणि खाली जाणारी शक्ती कमी करून ती क्षितिजाकडे वळवतात. सपाट मुलखात हे हिताचे. पण डोंगरमाथ्यावरून पायथ्यालगतच्या वस्तीशी बोलावयाचे असेल, तर अशा अँटेनाचा संदेश त्या वस्तीच्या डोक्यावरून निघून जाऊ शकतो. तेथे अर्ध्या तरंगाची साधी उभी अँटेना बरी. चपट्या दुपदरी तारेपासून केलेली, गुंडाळून खिशात मावणारी जे-पोल अँटेना शिबिरासाठी सोयीची असते. ती बांबूला बांधावी, लोखंडी नळीला नव्हे. कारण जवळच्या धातूने तिचा मेळ बिघडतो. वॉकीटॉकीची अँटेना उभी धरली जाते, म्हणून रिपीटरचीही उभीच हवी. उभारणी झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करावी. वाचन दीडच्या आत असेल, तर जोडणी योग्य समजावी.

रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, ही त्याची खास अडचण. एकाच पट्ट्यात दोन्ही कामे करावयाची, तर बोलण्याचा आवाज ऐकण्यात मिसळू नये म्हणून धातूचे मोठे गाळणी-डबे लागतात. ते शिबिरात वाहून नेणे कष्टाचे. म्हणून एका पट्ट्यात ऐकणारा आणि दुसऱ्यात बोलणारा रिपीटर अधिक सुटसुटीत. त्यासाठी तळहाताएवढी गाळणी आणि दोन्ही पट्ट्यांची एकच अँटेना पुरते. केवळ एक दक्षता घ्यावी: 145 ची तिप्पट 435 होते आणि प्रत्येक प्रसारकातून तिप्पट वारंवारितेची थोडी गळती होतच असते. त्यामुळे एका वारंवारितेची तिप्पट दुसरीवर पडणार नाही, अशी जोडी निवडावी. रिपीटरसाठी दुहेरी जाळीची केबल, उदाहरणार्थ बारीक हवी असल्यास आरजी-223, अधिक चांगली. कारण सैल जाळीतून निघणारी खरखर थेट ऐकण्यात मिसळते. एका कनेक्टरला दुसरा, त्याला तिसरा अशी साखळी करू नये. प्रत्येक सांधा हा घटीचा आणि पाण्याचा दरवाजा आहे. पावसात सांध्यावर रबरी चिकटपट्टी ताणून गुंडाळावी आणि डब्यात शिरण्यापूर्वी केबलीला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. विजा कडाडू लागल्या, तर खांब उतरवण्यात कमीपणा मानू नये.

कायद्याची चौकटही स्पष्ट आहे. भारतात 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झ हे पट्टे हौशी रेडिओसाठी असून केंद्र सरकारचा परवाना घेतल्यावाचून त्यांवर प्रसारण करणे गुन्हा ठरतो. रिपीटरसाठीची परवानगीही आधीच मिळवून ठेवावी. या पट्ट्यांवर व्यापाराचा संदेश चालत नाही. बाजारभाव, मालाची मागणी, पेढीचा निरोप यांना तेथे मज्जाव आहे. सागरेश्वरसारख्या अभयारण्याच्या हद्दीत शिबिर भरवावयाचे असल्यास वनखात्याची संमती आणि तेथील जीवसृष्टीस बाधा न होण्याची काळजी ही दोन्ही बंधने पाळावयास हवीत.

परवान्याची परीक्षा शाळकरी मुलांनाही देता येते. गावोगावच्या युवक मंडळांनी दोन-चार मुला-मुलींना त्यासाठी तयार केले आणि वर्षातून एकदा डोंगरावर सराव घेतला, तर त्यास फार मोठे भांडवल लागणार नाही. सरावाच्या शेवटी एकच कसोटी लावावी. नदीकाठच्या दूरच्या गावातून एकाने सर्वांत लहान वॉकीटॉकीवर, कमीत कमी शक्तीवर एक वाक्य उच्चारावे आणि ते पलूसमध्ये दुसऱ्याने जसेच्या तसे लिहून घ्यावे. शब्द गळाले, तर जागा, केबल, सांधे आणि अँटेना या क्रमाने शोध घ्यावा. जमाखर्चात पाठवलेला माल नव्हे, पोहोचलेला माल मोजला जातो. पुराच्या रात्री नावेतून आलेल्या हाकेचाही हिशेब त्याच रीतीने मांडावा लागेल.