यादी ग्रुपवर कशाला?

आज ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. शाळाशाळांत फलक रंगतील, भाषणे होतील. आणि परीक्षा जवळ आली की यांतल्याच एखाद्या शाळेत लेखनिक व जादा वेळ मिळणाऱ्या मुलांची यादी, नाव, तुकडी आणि निदानासकट, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडेल. बाईंच्या मनात काही वाईट नसते. त्यांना परीक्षेची व्यवस्था उरकायची असते. मधल्या सुट्टीत त्या मुलाला कोणती हाक ऐकावी लागते, हे त्यांच्या कानावर येत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७वरून २१ केले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, हिमोफिलिया त्यांत आले. यांतले बरेच चारचौघांत दिसून येत नाहीत, म्हणून ते कोणाला सांगायचे हे त्या मुलाने आणि घरच्यांनी ठरवायचे. प्रमाणपत्र शाळेला दिले ते सवलतीपुरते. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले. तो हक्क शाळेच्या फाटकापाशी संपत नाही. एकदा पोळलेले पालक पुढच्या शाळेत प्रमाणपत्र दाखवतच नाहीत आणि मूल हक्काच्या सवलतीला मुकते. नुकसान खरे तिथे आहे.

असे घडले तर पालकांनी ग्रुपवर भांडू नये. ज्यांनी यादी पाहिली नव्हती, तेही मग वर जाऊन शोधतात. स्क्रीनशॉट जपून ठेवावा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. यादी कोणाकोणाकडे गेली, ती कधी काढली, पुढे प्रमाणपत्रे कोण हाताळणार, याचे उत्तर लेखीच मागावे. मुलाच्या नावानिशी ग्रुपवर माफी मात्र मागू देऊ नये, त्याने तीच चूक दुसऱ्यांदा होते. वर्गात काय सांगायचे, की काहीच नाही, हे आधी मुलाला विचारावे. (मोठ्यांच्या रागात हेच राहून जाते.) शाळेने दाद दिली नाही तर शिक्षणाधिकारी आहेत, आणि पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त. चौकशीसाठी साक्षीदार आणि कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार या आयुक्तांना दिव्यांग हक्क कायद्यानेच दिले आहेत.

मुख्याध्यापकांना एक विनंती. आजचा कार्यक्रम सुरू होण्याआधी आपल्या शाळेचे ग्रुप एकदा तपासा. अशी यादी सापडली तर काढून टाका, आणि त्या पालकांना तुम्ही स्वतः फोन करा.