गाजर गवताचा मोसम : शिंका, खाज आणि फवारणीची विषबाधा यांतला फरक ओळखा

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. शाळा, ग्रामपंचायती, कृषी विभागाचे कर्मचारी रस्त्याकडेचे गवत उपटतात. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आर्णी तालुक्यातल्या दवाखान्यांत शिंका, गळणारे नाक, लाल डोळे आणि मानेवरची खाज घेऊन येणारे रुग्ण वाढतात. मोहीम दरवर्षी होते, त्रासही दरवर्षी होतो. माझ्या मते याची दोन कारणे आहेत. गवत उपटण्याची वेळ आणि पद्धत चुकते, हे एक. दुसरे म्हणजे 'ॲलर्जी' या एकाच शब्दाखाली आपण वेगवेगळे आजार कोंबतो आणि सगळ्यांवर एकच इंजेक्शन मागतो.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याकडे ठळकपणे लक्ष गेले ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे सांगितले जाते. पुढच्या वीस वर्षांत पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे या गवतामुळे कातडी जाड आणि काळी पडलेले इतके रुग्ण आले, की १९७० च्या दशकात तो जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांचा विषय झाला. आज ते आपल्या धुऱ्यावर, बसस्थानकामागे, अरुणावतीच्या काठाला, नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेला सगळीकडे आहे. एका झाडाला हजारो बिया येतात.

नाकाची ॲलर्जी

हवेतले परागकण नाकात गेले की काहींचे शरीर त्यांना शत्रू समजते. लागोपाठ शिंका, पाण्यासारखे नाक, नाक-टाळू-डोळ्यांना खाज ही त्याची खूण. ताप नसतो. सर्दी आठवड्याभरात ओसरते, हा त्रास महिनाभर चालतो आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास परत येतो. बेंगळुरूमध्ये झालेल्या एका अभ्यासात नाकाच्या ॲलर्जीच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना गाजर गवताच्या परागकणांची ॲलर्जी आढळली होती. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी इतर गवतेही फुलतात, त्यामुळे सगळा दोष एकाच झाडाला देता येत नाही. ऑक्टोबरमध्ये हडंब्यावर सोयाबीन काढताना उडणाऱ्या धुळीत बुरशीचे कणही असतात. त्याने होणारा त्रास अगदी असाच दिसतो, पण तो परागकणांचा नाही.

उपचारात सर्वांत कमी वापरले जाणारे आणि सर्वांत उपयोगी औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन). 'स्टिरॉइड' ऐकून लोक घाबरतात. पण स्प्रेमधला डोस अगदी थोडा असतो आणि तो बहुतेक नाकापुरताच काम करतो. तो एका दिवसात चमत्कार करत नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून रोज मारायचा. डोके किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, तोटी मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या कानाच्या दिशेने धरा. मारल्यावर जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात जाते. ज्यांचा त्रास दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून मोसमाच्या दोन आठवडे आधीच स्प्रे सुरू करावा.

शिंका आणि खाजेसाठी सेटिरिझिनसारखी गोळी चालते. तिने काहींना झोप येते, म्हणून रात्री घ्यावी आणि झोप येत असेल तर मोटारसायकल किंवा हडंब्याजवळ जाऊ नये. नाक मोकळे करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. पुढे नाक त्या थेंबांशिवाय उघडतच नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे स्वस्त आहे आणि खरोखर उपयोगी आहे.

आता त्या इंजेक्शनबद्दल. 'एका सुईत महिनाभर आराम' देणारे इंजेक्शन बहुधा दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइड असते. आराम पडतो हे खरे. पण ते सगळ्या अंगभर पसरते, साखर आणि रक्तदाब वाढवते, आणि दरवर्षी वारंवार घेतले तर हाडे ठिसूळ करते. मधुमेही रुग्णांनी याला स्पष्ट नकार द्यावा.

लहान मुलांच्या बाबतीत दुकानातून सिरप आणू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितले आहे. २०२५ मध्ये विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी कफ सिरपने मुले दगावली, ते सिरप याच मिश्रणाच्या जातीचे होते.

कातडीची ॲलर्जी

ही वेगळी आहे. इथे परागकणांपेक्षा झाडाच्या पानांतले आणि केसांतले पार्थेनिन हे द्रव्य दोषी असते. वाळलेल्या झाडाचा चुरा हवेतूनही अंगावर बसतो. म्हणून पापण्या, मान, कानामागचा भाग, कोपराचा खळगा इथे खाज सुटते, कातडी जाड होते, ऊन सोसत नाही. सर्वांत जास्त भरडल्या जातात त्या निंदणाला जाणाऱ्या बाया. दिवसभर उघड्या हातांनी गवत उपटायचे आणि रात्रभर खाजवायचे. एकदा शरीराला याची सवय लागली की ॲलर्जी सहसा वर्षानुवर्षे जात नाही. काहींना याच कुळातल्या शेवंतीचाही त्रास होतो, म्हणून दसरा-दिवाळीत हार गुंफल्यावर पुरळ वाढले तर डॉक्टरांना तसे सांगा. सेटिरिझिनने खाज थोडी कमी होते, आजार जात नाही. मलम डॉक्टरांनी ठरवून द्यावे. मेडिकलमधून मागून आणलेली तीव्र स्टिरॉइडची मलमे चेहऱ्यावर लावू नका.

जी ॲलर्जी नाही

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. फवारणीचा मोसम आणि ॲलर्जीचा मोसम एकच आहे. म्हणून फवारणी करून आलेल्या माणसाच्या डोळ्यांतून-नाकातून पाणी येत असेल, तर 'गवताची ॲलर्जी असेल' म्हणून गोळी देऊन झोपवू नका. तोंडाला लाळ सुटणे, खूप घाम, मळमळ किंवा उलटी, जुलाब, पोटात कळ, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे, छाती भरून येणे यातले काहीही सोबत असेल तर ती विषबाधा समजा. ॲलर्जीत खाज असते, लाळ आणि उलट्या नसतात. हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, साबणाच्या पाण्याने अंग धुवा, मुद्दाम उलटी करवू नका आणि औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. वाट पाहण्यात वेळ घालवू नका, यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे.

ॲलर्जीच्याच रुग्णाला छातीत घरघर, रात्री खोकला, बोलताना दम लागत असेल तर तो दमा असू शकतो. त्याला पंप लागतो, आणि पंपाची 'सवय लागते' हा निव्वळ गैरसमज आहे.

राहिला गवत काढण्याचा प्रश्न. हे झाड उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलते. पाऊस जूनमध्ये सुरू झाला तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिली खेप फुलावर आलेली असते, आणि तेव्हा शाळेची पोरे उघड्या हातांनी ती उपटायला उतरतात. हे काम जुलैत, फुले येण्याआधी, ओल्या मातीत मुळासकट व्हायला हवे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर दुपट्टा हवाच. दमा किंवा पुरळ असणाऱ्याने या कामाला जाऊ नये. ढीग पेटवू नका. रिकाम्या जागेत तरोट्याचे बी फेकले तर तो गाजर गवताला दाबतो, आणि मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात त्याची पाने खातो, त्याला कीड समजून मारू नका.

आर्णीला परागकणांचा रोजचा अंदाज मिळत नाही, म्हणून वहीत स्वतःच नोंद ठेवा : त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, त्या दिवशी वावरात काय काम होते, कोणते औषध फवारले. तपासणीला येताना ती वही आणा.