जिव्हाळ्यावर पहारा, अधिकाराला मोकळीक

वऱ्हाडातील एखाद्या तालुक्याच्या गावची मुलगी बास्केटबॉल खेळण्यासाठी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या वसतिगृहात येते, तेव्हा आईवडिलांनी मनावर दगड ठेवूनच तिला धाडलेले असते. दोन वेळचा सराव, सामन्यांसाठी केलेला रात्रीचा रेल्वेप्रवास, एका खोलीत चौघींचा मुक्काम आणि जयापजयाची समान वाटणी, यांतून संघातील मुलींमध्ये सख्ख्या नात्याइतकाच घट्ट जिव्हाळा निर्माण होतो. त्यातील दोघींचे विशेष जमू लागले की कुजबूज सुरू होण्यास वेळ लागत नाही. ती घरापर्यंत पोचली, तर पुष्कळदा मुलीचा खेळच थांबतो. आपला अपराध कोणता, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

ही कुजबूज वऱ्हाडाने गंभीरपणे घ्यावी, यास कारण आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत ज्या व्यायामशाळेचे बीज रोवले, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. शारीरिक शिक्षणाचे धडे घेण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी आजही या नगरीत येतात. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतील मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. आणि खेळ हा आता केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. रेल्वेतील खेळाडूंची भरती व राज्य शासनाच्या सेवेतील पाच टक्के क्रीडा-आरक्षण यांमुळे सामान्य घरातील मुलीला मैदानातून नोकरीची वाट दिसते. म्हणून कुजबुजीपायी तिचे मैदान सुटते, तेव्हा पुष्कळदा तिची भाकरीही सुटते.

महिलांचे व्यावसायिक बास्केटबॉल जेथे सर्वांत पुढारलेले आहे, त्या अमेरिकेचा अनुभव येथे पडताळून पाहण्याजोगा आहे. तेथील वुमेन्स नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे सामने १९९७ साली सुरू झाले. आरंभीच्या वर्षांत खेळाडूंच्या परस्परसंबंधांविषयी मौन पाळण्याकडेच सर्वांचा कल होता. प्रेक्षक काय म्हणतील, ही धास्ती तेथेही होती. २०१४ मध्ये मात्र या संघटनेने समलिंगी प्रेक्षकांचे व खेळाडूंचे अधिकृतपणे स्वागत करणारी मोहीम हाती घेतली आणि दडवादडवीचे पर्व ओसरू लागले.

त्यानंतर काय आकाश कोसळले? फीनिक्सच्या संघातून डायना टॉरासी आणि पेनी टेलर यांनी एकत्र खेळून २००७, २००९ व २०१४ अशी तीन विजेतेपदे मिळविली होती. टेलर निवृत्त झाल्यावर, २०१७ मध्ये, त्या दोघी विवाहबद्ध झाल्या. शिकागोच्या कोर्टनी व्हँडरस्लूट आणि ॲली क्विग्ली यांचा विवाह २०१८ च्या अखेरीस झाला व तीनच वर्षांनी, २०२१ साली, त्यांच्या संघाने टॉरासीच्याच फीनिक्सला नमवून अजिंक्यपद पटकावले. दोन सहखेळाडू एकमेकींच्या जीवनसाथी असल्या म्हणून चेंडू वेळेवर पुढे देण्यात काही अडचण आल्याचे या इतिहासात दिसत नाही.

तथापि, या संबंधांत कसलाच प्रश्न उद्भवत नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दोघींचे बिनसले तर त्याची झळ साऱ्या संघाला लागू शकते. एकीची निवड झाली आणि दुसरी वगळली गेली तर मने दुखावतात. ॲलिसा टॉमस आणि डिवॉना बॉनर या कनेक्टिकटच्या जोडीने २०२३ मध्ये साखरपुडा जाहीर केला. २०२५ च्या आरंभी एक फीनिक्सला व दुसरी इंडियानाला गेली, आणि त्याच हंगामात बॉनर इंडियानाचा संघ सोडून फीनिक्सला दाखल झाली. व्यवसायाचा करार आणि मनाचा ओढा यांची अशी ओढाताण व्हायचीच. परंतु नवराबायको एकाच शाळेत शिक्षक असले, अथवा दोन सख्खे भाऊ एकाच कचेरीत कारकून असले, तरी बदल्यांच्या व रुसव्याफुगव्यांच्या याच अडचणी येतात. त्यासाठी कोणी विवाहसंस्थेला किंवा बंधुत्वाला दोषी धरीत नाही.

नियमाने हात कोठे घालावा आणि कोठे घालू नये, याचा वस्तुपाठही त्याच संघटनेच्या इतिहासात आहे. ब्रिटनी ग्रायनर आणि ग्लोरी जॉन्सन या दोन नामवंत खेळाडूंमध्ये एप्रिल २०१५ मध्ये हाणामारी झाली व दोघींना अटक झाली. पुढच्याच महिन्यात त्यांनी विवाह केला. तरीही संघटनेने दोघींना प्रत्येकी सात सामन्यांसाठी निलंबित केले. शिक्षा झाली ती हिंसेबद्दल; नात्याबद्दल नव्हे. न्यायाची ही रेघ सुस्पष्ट आहे. दोन सज्ञान व समान दर्जाच्या खेळाडूंमधील प्रेम हा त्यांचा खासगी प्रश्न होय. मारहाण, धाकदपटशा आणि जबरदस्ती मात्र, मग ती कोणत्याही नात्याच्या आडून झालेली असो, संघटनेच्या दरबारात आलीच पाहिजे.

खरा धोका वेगळ्याच दिशेने येतो. अमेरिकेतील महिला फुटबॉलमधील गैरप्रकारांचा सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनशेहून अधिक जणांशी बोलून तयार झालेल्या या अहवालाने बोट ठेवले ते प्रशिक्षकांच्या गैरवर्तनावर आणि ते पाठीशी घालणाऱ्या व्यवस्थेवर. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये नामांकित महिला कुस्तीगीर दिल्लीच्या जंतरमंतरवर येऊन बसल्या, त्याही महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन. त्या आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. परंतु तक्रार ऐकण्यासाठी कायद्याने सांगितलेली समितीच त्या महासंघात रीतसर अस्तित्वात नव्हती, ही गोष्ट त्या निमित्ताने उघडकीस आली. संघात कोणाला घ्यायचे, प्रमाणपत्रावर सही कोणी करायची, शिबिराला कोणाला पाठवायचे, हे ज्याच्या हाती असते, त्याच्यापुढे मुलीच्या ‘होय’ला मोकळेपणाचा अर्थ उरत नाही.

कायदा याबाबतीत समाजापेक्षा पुढे आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने क्रीडासंस्था, क्रीडासंकुल व स्पर्धेचे मैदान यांचाही ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत स्पष्टपणे समावेश केला आहे. अठरा वर्षांखालील मुलींना २०१२ च्या कायद्याचे अधिक कडक संरक्षण आहे. दुसरीकडे, ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. अशा विवाहांना मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला, हे खरे. परंतु संबंध हा अपराध नव्हे, ही भूमिका कायम राहिली. ओडिशाच्या एका खेड्यातून आलेली धावपटू द्युती चंद हिने २०१९ मध्ये आपले नाते जाहीर केले, तेव्हा तिला पहिला विरोध झाला तो घरातूनच. कायदा बदलला तरी उंबरठ्याच्या आतील न्याय बदलण्यास अवधी लागतो, हेच यातून दिसते.

मग अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी व क्रीडामंडळांनी काय करावे? तक्रार समितीच्या सदस्यांची नावे सूचनाफलकावर आणि वसतिगृहाच्या दाराशी लावावीत. बाहेरगावच्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलींच्या संघासोबत स्त्री व्यवस्थापक असावीच. निवड एकाच्या मर्जीवर न सोपविता तिघांच्या समितीने करावी व तिची कारणे लेखी ठेवावीत. प्रशिक्षक आणि शिकाऊ खेळाडू यांच्यातील प्रेमसंबंधास, तो कितीही राजीखुशीचा म्हटला गेला तरी, नियमाने मज्जाव असावा. आणि केवळ ऐकीव गोष्टीवरून कोणत्याही मुलीचे नाव संघातून कमी करू नये, तसेच तिच्या घरी पत्र वा निरोप धाडू नये. यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च येत नाही.

आजवर आपण मुलींच्या मैत्रीवर पहारा बसविला आणि अधिकाराच्या खुर्चीला मोकळीक दिली. पहारेकऱ्याने आता तोंड फिरवावे, हे बरे. गावाकडून निघताना आईने मुलीला जपून राहण्यास सांगितलेले असते. तिने जपावे कोणापासून, हे तिला नेमकेपणाने सांगण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांची आहे. ती पार पडली, तर मैदानात उतरलेल्या मुलीला खेळ आणि जिव्हाळा यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.