राजाचे नाव आणि कुंभाराचे बोट

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे आहे. अकरावीला एकदा शाखा ठरली की प्रयोगशाळा त्यांची आणि ग्रंथालय आमचे! इतिहासाच्या विद्यार्थ्याने सनावळ्या पाठ कराव्यात, वंशावळी काढाव्यात, तहांची कलमे लिहावीत. धातू, माती, आच, रस या गोष्टी त्याच्या नव्हेत. गेल्या वर्षभरात पुरातत्त्वाची चार पुस्तके वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की या वाटणीत नुकसान झाले ते इतिहासाचेच. ज्या माणसांनी आपली नावे कुठे लिहून ठेवली नाहीत, ती आपल्याला भेटणार ती त्यांच्या हातच्या वस्तूंतून. आणि वस्तू वाचायची तर ती कशाची आहे नि कशी केली आहे, हे दोन प्रश्न टाळता येत नाहीत.

दायमाबादचेच उदाहरण घ्या. प्रवरेच्या काठचे हे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा उभा पुरुष, एक रेडा, एक हत्ती व एक गेंडा. खेळण्यांसारख्या दिसतात म्हणून कोणी त्यांना खेळणी समजू नये. चौघांचे वजन मिळून ६० किलोंच्या आसपास भरते. त्या भरीव आहेत आणि मेणाच्या पद्धतीने ओतलेल्या आहेत. या पद्धतीत आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप चढवायचा, तापवून मेण ओघळू द्यायचे आणि रिकाम्या झालेल्या जागी धातूचा रस ओतायचा. मूर्ती काढायची तर साचा फोडावाच लागतो. म्हणून त्या साच्यातून हुबेहूब तशी दुसरी निघत नाही. ही विद्या किती जुनी? बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडलेला तांब्याचा एक चिमुकला ताईत सुमारे ६००० वर्षांपूर्वी याच रीतीने ओतला होता, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याच्या अंतरंगाचा अभ्यास करून दाखवले. बस्तरचे ढोकरा कारागीर आजही असेच ओततात.

आता खरा वाद पाहा. दायमाबादच्या या वस्तू कोणत्या काळातल्या? म. न. देशपांडे, एस. आर. राव, सा. अ. साळी या उत्खनकांनी सभोवतालच्या पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळात नेल्या, म्हणजे आजपासून साडेतीन-चार हजार वर्षे मागे. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे ठेवून शंका घेतली. या वस्तूंत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे. (ज्याला आपण सोमल म्हणतो ते विष याच आर्सेनिकाचे.) ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. तेव्हा या वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा बहुतेकांनी तत्काळ आकड्याच्या बाजूने कौल दिला. प्रयोगशाळेने सांगितले, विषय संपला! मला हे पटत नाही. अग्रवालांची शंका रास्तच होती, कारण शंका न घेणारा अभ्यासक काय कामाचा? पण एका मूलद्रव्याच्या टक्केवारीवर काळ ठरवता येईल काय? आर्सेनिक खनिजातूनच तांब्यात उतरू शकते, मुद्दाम मिसळले जाऊ शकते किंवा जुनी मोड वितळवताना आत येऊ शकते. शिवाय सिंधू संस्कृतीच्या तांब्याच्या काही वस्तूंतही ते सापडले आहे. टक्का आपल्याला धातूत काय आहे ते सांगतो. ते तिथे कसे आले, हे टक्का सांगत नाही.

मोजमापाचीही एक गंमत आहे. क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत पाठवते, आणि त्यावरून कोणते द्रव्य किती हे कळते. पण जुन्या तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो. नुसत्या पृष्ठभागाची तपासणी केली तर पुष्कळदा गंजाचेच पृथक्करण हाती येते, आतल्या धातूचे नव्हे. म्हणून शक्य असेल तिथे बारीकसा तुकडा काढतात, घासून आरशासारखा करतात, त्यावर सौम्य आम्ल लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. ओतीव धातूत झाडाला फांद्या फुटाव्यात तशी नक्षी दिसते. ठोकलेल्या आणि पुन्हा तापवलेल्या धातूचे कण निराळे दिसतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तांबटाने हातोडा मारला की नाही, मग पत्रा पुन्हा भट्टीत घातला की नाही, हे त्या तुकड्यात टिकून राहिलेले असते. एखाद्या ताम्रपटात तरी याहून अधिक खरे काय असते? ताम्रपटात दान देणाऱ्याची स्तुती असते, पत्रा ठोकणाऱ्याची नसते.

मातीच्या भांड्यांबद्दल मी थोड्या अधिकाराने बोलतो, कारण आमच्या घरी चाक आहे. प्रवरेकाठच्याच जोर्वे या गावी १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तिथे सापडलेल्या भांड्यांच्या घाटाला गावाचेच नाव पडले. तांबडी, चाकावरची, वर काळ्या रंगाच्या रेघा, आणि टिचकी मारली तर धातूसारखा नाद. हा नाद उत्तम भाजणीमुळे येतो. खापराच्या आतल्या अंगाला गोल गोल रेघा असल्या तर भांडे चाकावरचे समजावे. त्या रेघा कुंभाराच्या बोटांच्या असतात. खापराचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून पातळ केला की त्यातून प्रकाश आरपार जातो आणि वाळूचा कण न् कण ओळखता येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात सापडलेल्या भांड्यात अभ्रकाचे ठळक कण दिसले, तर ते बाहेरून आले असावे अशी शंका घ्यायला जागा होते.

खापराच्या काठात मधोमध काळी पट्टी असली तर मातीत घातलेला सेंद्रिय भाग पुरता जळला नाही, असे एका पुस्तकात दिले आहे. मी ते आजोबांना वाचून दाखवले. आजोबा कधी शाळेत गेले नाहीत. ते म्हणाले, "त्यात काय वाचायचं? आच पुरती लागली न्हाई, पोटात कच्चं ऱ्हायलं." मग लीद जास्त झाली तर काय होते, आवा घाईने पेटवला तर काय होते, वारा कुठल्या बाजूचा असला की कोणत्या रांगेची मडकी काळी पडतात, हे त्यांनी अर्धा तास सांगितले. त्यातले निम्मे त्या पुस्तकात नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे की पृथक्करणाचा अर्थ लावताना कारागिराला शेजारी बसवले पाहिजे. काही अभ्यासक कुंभारांच्या आणि ओतकाम करणाऱ्यांच्या वस्तीत राहून त्यांचे काम टिपतात. ती टिपणे मला कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची वाटतात. आणि हे काम आता तातडीचे आहे. आमच्या गल्लीत पूर्वी सात चाके होती, आज दोन आहेत. घाट ओळखणारी बोटे गेली की सूक्ष्मदर्शक उरेल, पण त्याला प्रश्न कोण विचारणार?

पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तिथे कुंभाराची भट्टीही सापडली. त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात मुखियाचे घर मध्यभागी होते आणि कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत, असे उत्खनकांचे अनुमान आहे. आमचा कुंभारवाडाही गावाच्या कडेलाच आहे. मी पुढे काही सिद्ध करू पाहत नाही. वाचताना मात्र थबकलो.

आता कोणी म्हणेल, कॉलेजात क्ष-किरणांचे यंत्र कुठून आणायचे? यंत्र कोण मागतो आहे? दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, एक लोहचुंबक, एक तराजू आणि खापरांची एक पेटी एवढ्यावर आमच्या इतिहास विभागाला महिन्यातून दोन तासिका सहज घेता येतील. शास्त्रशाखेचा सूक्ष्मदर्शक आम्हांला शनिवारी दुपारी वापरू द्यावा. त्या वेळी ती प्रयोगशाळा बंदच असते. आणि त्यातल्या एका तासाला व्याख्याते म्हणून कुंभाराला बोलवावे. मानधन द्यावे, नुसता नारळ नको.