स्मिताचा खानदेश आणि उद्याची नायिका

शिरपूरच्या शिवाजीराव गिरधर पाटलांची आणि विद्याताईंची लेक म्हणून स्मिता पाटील खानदेशाला कायम घरची वाटत आली. जन्म आणि शालेय शिक्षण पुण्याचे असले तरी धुळे-जळगावच्या माणसाने तिच्यावरचा हक्क कधी सोडला नाही. तिला मोठे केले सिनेमाने. मात्र ती पहिल्यांदा लोकांसमोर आली ती दूरदर्शनवर. मुंबई केंद्रावर ती मराठी बातम्या वाचत असे. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तिच्याविषयी आजही सांगितली जाते. श्याम बेनेगलांनी तिला हेरले ते याच काळात. पुढे १९८१मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला, जेमतेम तासाभराचा. नवरा राबता राबता मेला आहे, प्रेत उघड्यावर पडले आहे आणि स्मिताची झुरिया भर पावसात ब्राह्मणाच्या बंद दारापुढे आक्रोश करते आहे. हा तासभर वगळून स्मिताची कारकीर्द सांगताच येणार नाही.

म्हणूनच ‘टीव्हीवरचा एक भाग, त्यातून विज्ञानकथा, नटीच्या कारकिर्दीत त्याला काय किंमत?’ हा प्रश्न आम्हाला झटकून टाकण्याजोगा वाटत नाही.

राधिका आपटेचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या ‘आसक्त’च्या प्रायोगिक नाटकांतून आलेली ही नटी. मार्च २०२१मध्ये आलेल्या ‘ओके कॉम्प्युटर’ या सहा भागांच्या मालिकेत तिने लक्ष्मी सुरी साकारली. काळ २०३१चा. पहिल्याच भागात चालकाविना धावणारी टॅक्सी एका माणसाला चिरडते. हा अपघात की खून, आणि खून असेल तर खुनी कोण? गाडी, ती बनवणारा, की तिला हुकूम देणारा? यंत्रांवर विश्वास नसलेला पोलीस अधिकारी (विजय वर्मा) एका बाजूला, यंत्रमानवांच्या हक्कांसाठी झगडणारी लक्ष्मी दुसऱ्या बाजूला. या बाईला सासू नाही, मंगळसूत्राचा प्रसंग नाही, तिचे दुःख कुणा पुरुषाने दिलेले नाही. तिच्याजवळ एक मत आहे आणि त्यासाठी ती भांडते. आपल्या मालिकांत नायिकेला स्वतःचे मत किती वेळा मिळते, हे रोज संध्याकाळी टीव्ही लावणाऱ्या कुणालाही विचारावे.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. सहा भागांवर ती मालिका थांबली. राधिकाचे नाव निघाले की लोकांना ‘अंधाधुन’ आठवतो, ‘लस्ट स्टोरीज’ आठवते, २०२४मध्ये कानला गेलेला ‘सिस्टर मिडनाइट’ आठवतो. लक्ष्मी सुरी क्वचितच. शिवाय विज्ञानकथेत पैसा देखाव्यावर जातो आणि माणूस मागे पडतो. केतन मेहतांनी स्मिताला ‘मिर्च मसाला’तली सोनबाई दिली, पुढे त्यांनीच दूरदर्शनसाठी ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळमालिका केली. सोनबाईचे वजन त्या अंतराळातल्या एकाही बाईच्या वाट्याला आले नाही, असे आमचे मत आहे. नायक मिलिंद सोमण होता आणि गोष्ट त्याचीच होती.

नफा-तोट्याचा हाच हिशेब अमेरिकेतही दिसतो. तिथे निशेल निकोल्स यांनी १९६६मध्ये ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेत उहुराची भूमिका केली. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडून निघाल्या होत्या. खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितले. यानात अधिकाराच्या जागी बसलेली कृष्णवर्णीय स्त्री घराघरांत दिसत होती, आणि ते किंग यांना मोलाचे वाटत होते. १९७७पासून नासाने स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर म्हणून पुढे आणण्यासाठी निकोल्स यांचीच मदत घेतली. एवढे होऊनही नटी म्हणून त्या जन्मभर उहुराच राहिल्या. समाजाला मिळाले ते अपार, पण त्याची किंमत त्यांच्या कारकिर्दीने मोजली.

हे सारे तोलून आमचा कौल विज्ञानकथेकडे झुकतो, पण एका अटीवर. भूमिकेत बाईला निर्णय असला पाहिजे. तो नसेल तर चंदेरी पोशाख घालून यानात उभे राहण्यापेक्षा एखादी साधी कौटुंबिक भूमिका बरी. तिथे निदान अभिनयाला वाव मिळतो. आणि मालिका पडली तर तिचा दोष नायिकेच्या माथी मारू नये. निर्माते नेमके तेच करतात आणि मग पुढची मुलगी असे काम घ्यायला कचरते.

अशा गोष्टींसाठी मुंबईकडे बघत बसायचे कारण नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, तेव्हापासून मराठीत ही परंपरा रुळली आहे. आणि विषय? साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प उभा आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरताहेत. जळगावच्या प्रयोगशाळांत केळीची रोपे काचेच्या बाटल्यांत वाढतात. तीच रोपे रावेर-यावलच्या शेतांत जातात, आणि सीएमव्ही हा विषाणूरोग आला की शेतकरी ती डोळ्यांदेखत उपटून बांधावर टाकतो. आता कल्पना करा, उद्या एखादे यंत्र एका बाईला सांगते, ‘तुझ्या शेतातली सगळी केळी आजच उपट.’ तिला पाने निरोगी दिसताहेत, आणि शेजाऱ्याचा बाग बांधाला लागून आहे. यंत्र चुकले तर भरपाई कोण देणार? ती चुकली तर शेजाऱ्याला काय सांगणार? टॅक्सीच्या खटल्याइतकाच हा प्रश्न अवघड आहे, आणि ही बाई अहिराणीत भांडली तर तो अधिक खरा वाटेल.

राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर अशी संहिता याच हंगामात आणता येईल. त्यासाठी यान उभारावे लागत नाही. एक टेबल, चार काचेच्या बाटल्या आणि दोन कसदार नट्या पुरतात.